ऐकलेला 'शोले'

'शोले'चं संगीत तुमच्याकडे आहे का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, कुठलं? विचारणारा गोंधळतो. त्याला वाटतं, सिनेमा एक, संगीतकार एक, मग संगीत दोन कसं असेल? पण या एका सिनेमाच्या नावाने गेल्या पन्नास वर्षांत ज्या तबकड्या, कॅसेटी आणि सीडी निघाल्या, त्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी नाहीत. एकीत सिनेमात नसलेलं गाणं आहे. दुसरीत माणसं नुसती बोलतात. आणि ज्या संगीतामुळे हा सिनेमा अंगावर येतो, ते शोधायला गेलं तर भलत्याच ठिकाणी हाती लागतं. आज त्या शोधाविषयीच बोलायचं आहे.

पहिली तबकडी गाण्यांची. पॉलिडोर कंपनीची, १९७५ सालची एलपी. संगीत राहुल देव बर्मन, गीतं आनंद बक्षी. तिच्यावर किशोरकुमार आणि मन्ना डे यांचं 'ये दोस्ती', त्याचाच पावणेदोन मिनिटांचा दुःखी तुकडा, 'होली के दिन', 'कोई हसीना', लताबाईंचं 'जब तक है जान', खुद्द पंचमदांनी खरखरीत आवाजात म्हटलेलं 'मेहबूबा', एक कव्वाली आणि शीर्षकसंगीत. 'मेहबूबा'ची चाल डेमिस रूसोच्या 'से यू लव्ह मी' या गाण्यावर बेतलेली, हे आता जगजाहीर आहे. पण भरलेल्या-रिकाम्या बाटल्यांत फुंकर मारून काढलेला तो सुरुवातीचा आवाज मात्र पंचमदांच्या कारखान्यातला.

गाणी चांगली आहेत. पण खरं सांगायचं तर ही पंचमदांची पहिल्या पंगतीतली गाणी नव्हेत. त्याच वर्षी त्यांनी 'आँधी' केला, 'खुशबू' केला. त्यांच्या शेजारी 'शोले'ची गाणी ठेवली तर ती कथेला हात देणारी, कामाची गाणी वाटतात. तबकडीलाही सुरुवातीला अपेक्षेइतका उठाव नव्हता. लोक सिनेमा बघून बाहेर येत होते, पण येताना त्यांच्या तोंडी गाणी नव्हती.

या एलपीतला माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा ऐवज म्हणजे ती कव्वाली. 'चाँद सा कोई चेहरा' या नावाने ओळखली जाते. गाणारे चौघे, किशोरकुमार, मन्ना डे, भूपिंदर आणि चौथे खुद्द आनंद बक्षी. सिनेमा तीन तासांच्या वर चालला होता. कव्वाली ध्वनिमुद्रित झाली, पण तिचं चित्रीकरणच झालं नाही. भोपाळ, रामपूर, टोंक या बाजूला 'चारबैत' नावाचा एक गायनप्रकार आहे. डफ घेऊन संघ समोरासमोर बसतात, एकाने बंद टाकायचा, दुसऱ्याने त्याला वरचढ जबाब द्यायचा. ही कव्वाली त्या भोपाळी ढंगाची. सिनेमात भोपाळचा माणूस म्हणजे जगदीपचा सूरमा भोपाली, लाकडाच्या वखारीतला बढाईखोर. त्याचं गाव कसं गातं, ते फक्त या तबकडीवर कळतं.

आमच्या कोराडीहून कामठी हाकेच्या अंतरावर. तिथे उर्दू शायरांचा आणि कव्वालीचा राबता जुना, आणि नागपुरात ताजबागचा उर्स. त्यामुळे कव्वालीत रंग कधी भरतो आणि कधी नुसताच गलका होतो, एवढं कानाला समजतं. बक्षींचा आवाज काही गवयाचा नाही. पण या कव्वालीत तो नेमका बसतो, कारण मैफलीत जबाब देणारा एखादा असा हवाच, ज्याला सुरापेक्षा शब्दाची घाई आहे. सिनेमात ती असती तर कथा अडली असती, हेही तितकंच खरं. ती वगळली हे योग्य केलं आणि तबकडीवर ठेवली हे त्याहून योग्य केलं. गाणी सिनेमाच्या आधी ध्वनिमुद्रित करण्याच्या आपल्या रिवाजामुळे असे अनाथ जीव तबकड्यांवर वाचतात.

आता या एलपीत काय नाही, ते पाहू. शीर्षकसंगीत तेवढं आहे. रेल्वे स्टेशनवर उतरलेला जेलर आणि त्याला न्यायला आलेला रामलाल घोड्यांवरून निघतात, आणि गिटार व पितळी वाद्यांनी सुरू झालेली ती चाल दगडधोंड्यांतून, झाडाझुडपांतून, वस्तीजवळून जाता जाता आपल्याकडचा ताल अंगावर चढवत जाते. अमेरिकी घोडेस्वार निघतो आणि रामगढला पोहोचेपर्यंत हिंदुस्थानी होतो. हे संगीत तबकडीवर आहे. पण बसंतीच्या टांग्यामागे डाकू लागतात तेव्हाचा तबला नाही. तो तबला बनारस घराण्याचे पंडित सामताप्रसाद यांचा. पाश्चात्त्य वेस्टर्नपटांत पाठलागाला सगळा वाद्यवृंद उधळतात. पंचमदांनी तिथे टांग्याची चाकं, टापा आणि एक तबला एवढ्यावर भागवलं. त्या तबल्याला सवाल आहे, जबाब आहे, दम खाणं आहे. बसंती एरवी सिनेमाभर बोलते, त्या प्रसंगात तिच्याऐवजी तबला बोलतो. गाण्यांची एलपी घेऊन घरी आलेल्याला यातलं काहीच मिळालं नाही.

जयचा माउथ ऑर्गनही नाही. 'ये दोस्ती'तला नव्हे, दुसरा. संध्याकाळी ठाकूरच्या वाड्यात राधा एकेक दिवा मालवत जाते आणि समोरच्या पायऱ्यांवर बसलेला जय वाजवत असतो, तो. वाजवणारे होते पंचमदांचे गिटारवादक भानू गुप्ता. (वीजकेंद्राच्या गावचा माणूस म्हणून एक गोष्ट मला नेहमी खुपते. रामगढात वीज नाही, पण वीरूला चढायला पाण्याची उंच टाकी आहे. तिच्यात पाणी कोण चढवत होतं? पण वीज असती तर राधेने बटण दाबलं असतं आणि त्या धूनेला जागाच उरली नसती. तेव्हा माफ.)

दुसरी तबकडी आली ती पॉलिडोरच्या लोकांनी थिएटरांबाहेर कान लावल्यावर. प्रेक्षक गब्बरची वाक्यं म्हणत बाहेर पडत होते. मग कंपनीने संवादांचीच एलपी काढली. गाण्यांऐवजी बोलणं विकायचं, तेही आधीच थिएटरात ऐकून झालेलं! पण ती विकली गेली, आणि अशी की गाण्यांची तबकडीही तिच्यामागून ओढली गेली. आपल्याकडे नाटकांच्या, कथांच्या रेकॉर्डी त्याआधीही होत्या. पण हॉटेलात, पानठेल्यावर, लग्नाच्या मांडवात लोक चहा हातात धरून सिनेमातली भांडणं ऐकत उभे आहेत, हे दृश्य 'शोले'ने आणलं.

तांत्रिकदृष्ट्या बोलणं तबकडीवर उतरवणं तसं सोयीचं. एलपीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं सुखाने मावतात. त्याहून जास्त भरायचं तर खाचा एकमेकींजवळ आणाव्या लागतात, आणि खाचा जवळ आल्या की आवाजाची पातळी खाली उतरवावी लागते, नाहीतर सुई शेजारच्या खाचेत घसरते. गाण्यात हे लगेच जाणवतं, बास मरतो. बोलण्यात तेवढं जाणवत नाही. म्हणून संवादांच्या तबकड्यांत ऐवज दाबून भरता यायचा. पुढे कॅसेट आली आणि हा प्रश्नच मिटला. प्रसंगांमागून प्रसंग असलेल्या कॅसेटी सीताबर्डीच्या दुकानांत ढिगाने मिळत.

आमच्या पिढीतल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांनी 'शोले' आधी ऐकला आणि मग पाहिला. कोराडीच्या वीजकेंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. 'शोले' मुंबईत लागला १५ ऑगस्ट १९७५ ला. दोन्ही आमच्यात एकदमच शिरले. कुठकुठून आलेले कामगार, नवी वसाहत, आणि गणपतीत लाउडस्पीकरवर गब्बर. गब्बर दिसतो कसा हे ठाऊक नव्हतं. खडकावर बूट वाजतात, पट्टा दगडावर घासत जातो, मागे कसलासा अशुभ सूर लांबत राहतो, आणि बराच वेळ कुणीच बोलत नाही. त्या न बोलण्याची भीती वाटायची. पुढे पडद्यावर अमजद खान पाहिला तेव्हा तो माझ्या मनातल्या गब्बरहून लहानच वाटला.

आणि इथेच माझा मुद्दा येतो. 'शोले'चं खरं पार्श्वसंगीत संवादांच्या तबकडीवर आहे. कंपनीला विकायचं होतं बोलणं. पण ते उचललं सिनेमाच्या ध्वनिपट्टीवरून, आणि ध्वनिपट्टीवर बोलणं, संगीत आणि इतर आवाज एकजीव झालेले असतात. त्यामुळे शब्दांच्या मागून, पोत्याच्या भोकातून धान्य गळावं तसं, संगीतही गळत गळत आपल्या घरात आलं.

हे एकजीव करणं म्हणजे काय? त्या काळात संवादांची एक पट्टी, संगीताची दुसरी, टापा-गोळ्या-दारं-वारा यांची तिसरी, अशा वेगवेगळ्या पट्ट्या तयार व्हायच्या. त्या एकत्र चालवून कुठला आवाज किती वर, किती खाली, हे ठरवणारा माणूस म्हणजे री-रेकॉर्डिस्ट. 'शोले'त ते काम मंगेश देसाई यांचं. परळच्या राजकमल कलामंदिरातला हा माणूस हिंदी सिनेमाच्या आवाजाचा खरा उस्ताद. संकलक एम. एस. शिंदे, कलादिग्दर्शक राम येडेकर आणि आवाजाला देसाई. 'शोले'च्या नावाने मराठी माणसाने कॉलर ताठ करायची तर या तिघांसाठी करावी. नऊ नामांकनांपैकी फिल्मफेअरचा एकुलता एक पुरस्कार मिळाला तोही शिंद्यांच्या कात्रीला.

देसाईंच्या हाताची करामत ऐकायची तर ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग घ्या. रिकाम्या झोक्याची कुरकुर, वारा, टापा, आणि संगीत जवळजवळ नाहीच. शेवटची गोळी सुटते आणि दृश्य थेट आगगाडीवर जातं. ज्यांनी सेर्जिओ लिओनेचा १९६८ चा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' पाहिला आहे त्यांना हा प्रसंग कुठून आला ते सांगायला नको. तिथेही शेतावरचं कुटुंब, शेवटी उरलेलं पोर आणि गोळीच्या आवाजात मिसळणारी गाडी.

आता त्या वेस्टर्नांकडे वळू, कारण तिथल्या तबकड्यांची गोष्ट आपल्या अगदी उलट आहे. लिओनेचा संगीतकार एन्निओ मोरिकोने. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' १९६६ चा. त्याच्या संगीताची मूळ एलपी अकरा तुकड्यांची, जेमतेम अर्ध्या तासाहून थोडी अधिक. त्यातली मुख्य चाल अमेरिकेत गाजली ती मात्र ह्यूगो मॉन्टेनेग्रो या दुसऱ्याच माणसाने पुन्हा वाजवलेली. १९६८ साली ती तिथल्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. मूळ गावरान कोल्हेकुई, तर याची इस्त्री केलेली. पुढे २००४ साली मूळ एलपीत आणखी दहा तुकडे घालून एकवीस तुकड्यांची सीडी निघाली. म्हणजे जे अठ्ठावीस वर्षं नव्हे, अडतीस वर्षं कपाटात होतं ते बाहेर आलं. हौशी लोक आता दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाद घालतात. कुणी म्हणतं, जुन्या एलपीत जी निवड होती तीच खरी, बाकीची भर म्हणजे त्याच त्या चालीची उजळणी. कुणाला सगळंच हवं असतं. माझं मत जुन्या एलपीच्या बाजूचं. काय गाळायचं हे ज्याला कळतं त्याला अर्धी कविता कळते. पण वाद घालता येतो तो टेप शिल्लक आहेत म्हणून.

आणखी एक फरक आहे. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'चं संगीत मोरिकोनेने चित्रीकरणाआधी तयार केलं आणि सेटवर ते वाजवून नटांना त्याच्या लयीत चालवलं. त्यामुळे त्याचा एकेक तुकडा आरंभ-मध्य-अंत असलेली स्वतंत्र रचना असतो, उचलला की तबकडीवर ठेवता येतो. आपल्याकडे हा मान गाण्याचा. गाणं आधी बनतं, त्याच्यावर नट चालतात. पार्श्वसंगीत मात्र शूटिंग संपल्यावर पडद्यावर रीळ बघत बघत भरलं जायचं, इथे बारा सेकंद, तिथे चाळीस. दार उघडेपर्यंत व्हायोलिन, उघडलं की थांब. असे तुकडे तबकडीवर एकापुढे एक ठेवले तर तुटक वाटतात. झोक्याच्या कुरकुरीशिवाय, खडकावरच्या बुटांशिवाय त्यांना अर्थच नाही. म्हणून मला वाटतं, नाइलाजाने का होईना, संवादांची तबकडी हाच 'शोले'च्या पार्श्वसंगीताचा योग्य साचा ठरला.

दोन्हीकडे माउथ ऑर्गन आहे, तो पाहा. लिओनेच्या सिनेमात चार्ल्स ब्रॉन्सनच्या ओठांवरचा माउथ ऑर्गन सुडाची जुनी जखम आहे, किंचाळतो. जयचा तसा नाही. तो एका विधवेशी, जिच्याशी बोलायची सोय नाही, बोलायचा प्रयत्न करतो. एकच वाद्य, एकच घराणं म्हणा, पण आपल्याकडे आल्यावर त्याची भाषा बदलली. सूड घेणारा ठाकूर आहे आणि वाद्य आहे तिसऱ्याच माणसाकडे, हा पंचमदांचा आणि सलीम-जावेद यांचा शहाणपणा.

नंतरच्या आवृत्त्यांबद्दल थोडक्यात. सीडीवर आलेली गाणी स्वच्छ आहेत, खरखर गेली, क्वचित सोबत थोडी हवाही गेली. जानेवारी २०१४ मध्ये 'शोले' त्रिमितीत आला, तेव्हा आवाजही आजच्या थिएटरांसाठी नव्याने घडवला होता. बंदुका दणदणीत झाल्या. मला तो दणका नको होता. मूळ सिनेमा मोठ्या शहरांत ७० मि.मी.च्या पडद्यावर सहा मार्गांच्या स्टिरिओ आवाजात लागला खरा, पण त्या प्रिंट मोजक्या. बाकी देशाने तो ३५ मि.मी.च्या प्रिंटवर एकाच भोंग्यातून ऐकला आणि तरीही त्याच्या पाठीतून शिरशिरी गेली. मग २०२५ साली फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्सबरोबर केलेली पुनर्स्थापित प्रत आली. जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात, डिसेंबरमध्ये आपल्याकडे. तिच्यात आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने बदलायला लावलेला शेवट परत आला, ठाकूर गब्बरला पोलिसांच्या हवाली न करता मारतो तो. शेवट बदलला की त्याखालचं संगीतही बदलतं. पोलीस येतात तेव्हा संगीत सुटकेचा श्वास सोडतं, आणि ठाकूर काम पुरं करतो तेव्हा त्याला तो सोडता येत नाही. अशा प्रतीवरून एखाद्याने मन लावून पार्श्वसंगीत वेगळं काढायचं ठरवलं तर आज संगणकही मदतीला आहे. एकजीव झालेल्या जुन्या ध्वनिमुद्रणातून आवाज सोडवून २०२३ साली बीटल्सचं गाणं पुरं करण्यात आलं, हे आपण पाहिलंच. सामताप्रसादांचा तबला सोडवणं त्याहून अवघड नसावं.

त्या वेळच्या आपल्या वेष्टनांवर वादकांची नावं छापायची पद्धत नव्हती. संगीतकार, गीतकार, गायक संपले की जागा संपायची. पंचमदांचे सहायक बासू चक्रवर्ती, मनोहारी सिंग, आणि तालाची बाजू सांभाळणारे आपले मारुतीराव कीर ही नावं जाणकारांच्या बोलण्यातून आपल्यापर्यंत आली. पंचमदा १९९४ मध्ये गेले, भानू गुप्ता २०१८ मध्ये. मोरिकोनेच्या सीडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत कुठली शीळ कुणाची तेही वाचायला मिळतं.

संवादांच्या कॅसेटमधला एक प्रसंग मी अजूनही पुढे ढकलत नाही. आंधळ्या इमामाच्या मुलाचं प्रेत घोड्यावरून गावात येतं. सगळे गप्प, आणि इतकी शांतता कशाची, असं तो म्हातारा विचारतो. मग मशिदीतून अजान. संगीतकाराने त्या जागी हात आवरला आहे. आमच्या वसाहतीत गणपतीच्या मांडवातल्या भोंग्यावर ही अजान वाजायची आणि पत्ते खेळणारेही तेवढ्यापुरते पानं खाली ठेवायचे. कुणी सांगितलेलं नसायचं.

पुढे घरी व्हीसीडी आली तेव्हा मी टीव्हीच्या मागून वायर काढून टेपरेकॉर्डरला जोडली आणि जयची धून सिनेमाभर जिथे जिथे येते ते तुकडे एका कॅसेटवर घेतले. कुठे दाराचा आवाज आहे, कुठे कुत्रं भुंकतं. सगळे मिळून काही मिनिटांच्या वर नाहीत. मोरिकोनेच्या तुकड्यांना नावं असतात, याला नव्हतं. म्हणून आतल्या कागदावर बॉलपेनने लिहिलं, 'दिवे', आणि खाली, माउथ ऑर्गन : भानू गुप्ता.